आयतेराव, तुमचा सत्कार करायचा आहे!

रा. रा. आयतेराव उत्तरे,
ऊर्फ चिठ्ठी, ऊर्फ गाईड, ऊर्फ अपेक्षित, ऊर्फ झेरॉक्स, चालू नाव चॅटबॉट,
मुक्काम पूर्वी शर्टाची बाही, हल्ली मोबाइल, यांस

सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, मोडनिंब पंचक्रोशीतल्या तमाम विद्यार्थी-पालकांच्या वतीने तुमचा जाहीर सत्कार करायचं घाटतंय. शाल आली, नारळ आला, फेटा बांधणारा सांगून ठेवला. डिजिटल बोर्डाची जागासुद्धा हेरून ठेवलीय, वाढदिवसाच्या दोन बोर्डांच्या मधोमध. घोडं अडलंय ते मानपत्रावर. ते लिहायचं कोणी? अलीकडे इथं कोणी स्वतःहून काही लिहिलेलंच नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, 'आयतेरावांनाच सांगा की, दहा सेकंदांत देतील.' तेव्हा तुमचं मानपत्र तुम्हीच लिहून पाठवा. वाचून दाखवायला माणसं आमच्याकडे आहेत. न समजता घडाघडा वाचून दाखवण्यात आम्ही पिढ्यान् पिढ्या तरबेज आहोत.

मी इथल्या एका शाळेत मराठी शिकवतो. खरं म्हणजे शिकवायचो. हल्ली तुम्ही लिहिता आणि मी तपासतो. तुम्हाला जगातलं सगळंच ठाऊक, त्यामुळे मोडनिंब कुठं आहे हे तुम्हाला सांगणं म्हणजे उद्धटपणा. वाचकांसाठी सांगतो. सोलापूर जिल्हा, माढा तालुका, पुणे-सोलापूर हमरस्त्यावरचं हे बाजाराचं गाव. १९०६ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाऊ लागली, तिच्या वाटेवरचं हे स्टेशन. इथली माणसं ऊस, डाळिंब नि बोरं पिकवतात आणि 'शिक, नाहीतर हेच करावं लागेल' असं म्हणत पोरांना शाळेत धाडतात. हे 'हेच' नेमकं काय असतं त्यावर पुढे येतोच, कारण तुमचा-माझा खटका तिथंच उडाला.

आधी तुमचा परिचय. सत्कार म्हटला की तो आलाच.

आयतेराव, तुम्ही गरिबीतून वर आलात. कंपासपेटीच्या झाकणाची आतली बाजू, फूटपट्टीची मागची बाजू, तळहात, बाही, अशा अडचणीच्या जागी दिवस काढलेत. त्या काळी तुमच्यात थोडी माणुसकी होती. सनावळ्या नि व्याख्या बारीक अक्षरात चिठ्ठीवर उतरवता उतरवता पोराचा धडा दोनदा वाचून व्हायचा आणि पेपरात चिठ्ठी काढायची वेळच यायची नाही. तुमच्या नादाला लागून किती पोरं चुकून शिकली असतील, त्याची गणती नाही. मग तुम्ही छापील झालात. गाईड होऊन जूनमध्येच दप्तरात येऊन बसू लागलात. पोरांनी धडा वाचायच्या आधी स्वाध्याय सुटायला लागला. जानेवारीनंतर 'अपेक्षित' या नावानं तुमचा खप वाढायचा. झेरॉक्सची यंत्रं आली तसे तुम्ही आकसलात, इतके की अख्खं गाईड मुठीत मावायला लागलं. मार्च महिन्यात परीक्षा केंद्राच्या कुंपणाबाहेर काका-मामांची झुंबड, खिडकीच्या गजातून आत येणारे तुम्ही, आणि तुमच्या स्वागताला पोलीस, बैठं पथक, भरारी पथक. कॉपीमुक्त अभियानात २०२५ साली तर संवेदनशील केंद्रांवर ड्रोन फिरले. एवढा बंदोबस्त राज्यात मंत्र्यांनंतर तुम्हालाच.

पुढे ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सगळ्यांसाठी खुलं झालं आणि तुम्ही सोन्याच्या पावलांनी घरोघर आलात. भिंतीवर चढणारा मामा घरी बसला. कृत्रिम बुद्धिमत्तेनं बेकार केलेल्या पहिल्या माणसांत त्याचं नाव घ्यायला हवं, पण कुठल्याही अहवालात त्याची नोंद नाही. आता परीक्षेची वाटच बघावी लागत नाही. गृहपाठ तुमचा, निबंध तुमचा, प्रकल्प तुमचा, 'पाणी वाचवा'च्या पोस्टरवरची घोषणा तुमची. आणि गृहपाठाला भरारी पथक नसतं.

आता खटक्याचं सांगतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीला निबंध दिला, 'आमच्या गावचा बाजार'. विषय मुद्दाम असा निवडला की तुम्हाला तो जमू नये. तुम्हाला जमला. वह्या आल्या. पहिली उघडली: 'बाजार हा ग्रामीण अर्थव्यवस्थेचा कणा आहे.' दुसरी: 'बाजार हे केवळ खरेदी-विक्रीचे ठिकाण नसून सामाजिक एकोप्याचे प्रतीक आहे.' तिसरी: 'बाजार ग्रामीण जीवनात महत्त्वपूर्ण भूमिका बजावतो.' ज्या पोराला आजवर ऱ्हस्व-दीर्घाशी काही देणंघेणं नव्हतं, त्याच्या वहीत 'बहुआयामी' आणि 'सर्वसमावेशक'. शेवटचा परिच्छेद सगळ्यांचा एकच, 'थोडक्यात सांगायचे तर'. एका वहीत आमच्या बाजारात काजू, सुपारी नि नारळांचे ढीग लागले होते. माढा तालुक्यात! आणि एका प्रामाणिक मुलानं तुमची शेवटची ओळसुद्धा सुवाच्य अक्षरात उतरवली होती: 'तुम्हाला हा निबंध आणखी सोपा करून हवा आहे का?' त्याखाली मी लाल पेनानं लिहिलं, 'हो.'

त्या ढिगात एक वही बोरवाल्याच्या पोराची होती. हंगामात हे पोरगं बापाबरोबर पहाटेच माल घेऊन बाजारात असतं. वहीत मात्र 'शेतकरी आपला उत्पादित माल विक्रीसाठी आणतात' एवढंच. त्याला जवळ बोलावलं, वही मिटली आणि म्हटलं, 'बोरांचं सांग.' आधी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, 'कुठल्या बोरांचं सर? उमराण का चमेली?' आणि जो सुटला म्हणता!

'उमराण लई पिकलं की तांबूस पडतंय. मग गाडीतनं पुण्याला जाईस्तवर मऊ. म्हणून पिवळं आसतानाच तोडायचं. चण्यामण्या दिसायला बारकी, पर भाव तिलाच. तोडताना हातमोजं घाला न्हायतर नका घालू, काटं लागत्यातच. आन् सर, उन्हाळ्यात झाड पार बोडकं करत्यात बघा, छाटत्यात. नवख्याला वाटतं, झाड मारलं. पर छाटलं न्हाय तर पुढं बोरं धड लागत न्हाईत.' मग पट्टीवर आला. पट्टी म्हणजे माल विकल्यावर आडत्या देतो तो हिशेबाचा कागद. 'पट्टी मीच वाचतो, दादांना चष्मा न्हाय. हमाली किती कापली, तोलाई किती, गाडीभाडं किती, समदं बघायचं. आडत आपल्याकडनं घ्यायची नसती, घेणाऱ्यानं द्यायची.' फळं-भाजीपाल्यावरची आडत, म्हणजे दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, हा नियम राज्यात २०१६ च्या जुलैत आला. या पठ्ठ्याला तो तोंडपाठ. नागरिकशास्त्रात तो काठावर पास आहे.

वनस्पतिशास्त्र झालं, गणित झालं, कायदा झाला आणि भाषा तर अशी, की तिला सात जन्मांत 'बहुआयामी' शब्द सुचणार नाही. मी विचारलं, 'अरे, मग हे का नाही लिहिलंस?'

तो म्हणाला, 'सर, आसलं लिहिल्यावर मार्क पडत्यात व्हय?'

आयतेराव, इथं मला तुमच्यावरचा खटला थोडा थांबवावा लागला, कारण एवढा मोठा गुन्हा एकट्यानं होत नाही. तुमचे साथीदार शोधायला फार लांब जावं लागलं नाही. निबंधाखाली मुद्दे छापून देणारे, आणि ते मुद्दे आले की टिकमार्क करत पुढे जाणारे परीक्षक. 'आदर्श उत्तर' फळ्यावर लिहून वहीत उतरवून घेणारे. 'नव्वद टक्क्यांची हमी' असे बोर्ड लावणारे क्लासवाले. प्रकल्प सुबक छापून आणला म्हणून शाबासकी देणारे पालक. पोरानं स्वतःच्या डोक्यानं, स्वतःच्या भाषेत लिहिलेल्या ओळीला या सगळ्यांच्या बाजारात आजवर कधी भावच मिळाला नाही. ज्या मालाला भाव नाही तो कोण पिकवेल? तुम्ही आलात तेव्हा जागा झाडून, सारवून तयार होती. तुम्ही फक्त बसलात.

याहून मोठी गंमत सांगतो. तुमच्यावरचं औषध आमच्या बोर्डाच्या कपाटात कधीपासून पडून आहे. त्याचं नाव तोंडी परीक्षा. दहावीला भाषा विषयांचे ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत. पोरानं समोर उभं राहायचं, ऐकायचं, बोलायचं, विचारलेल्याला उत्तर द्यायचं. तिथं तुम्हाला पोराच्या तोंडात शिरून बोलता येत नाही, म्हणजे तुमच्याशिवाय होणारी हीच काय ती परीक्षा. आणि तिचं आम्ही काय केलं? वीसपैकी अठरा, वीसपैकी एकोणीस, घे बाळा. २०१८ साली दहावीचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के लागला. २०१९ ला हे अंतर्गत गुण काढून घेतले, निकाल ७७.१० वर आला. ओरड झाली, गुण परत दिले, आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के. २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता, २०२० ला करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला, हे सगळं जमेस धरलं तरी वीस गुणांची ती दक्षिणा लपत नाही. पोराला काय येतं ते कळावं म्हणून ठेवलेली जागा पोराला वर ढकलायला वापरली. मग लेखीत तुम्ही आणि तोंडीत आमचा दानधर्म, मधल्यामध्ये पोराला काय येतं हे बघणारं उरलं कोण?

तुम्ही म्हणाल, 'गुरुजी, तुम्हाला नव्याचा राग आहे. गाईडवर ओरडलात, कॅल्क्युलेटरवर ओरडलात, आता माझ्यावर.' तसं नव्हे. तुमच्याबद्दल लोकांनी मोजमाप करून ठेवलंय. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमध्ये सुमारे हजार मुलांवर गणिताचा प्रयोग केला आणि २०२४ मध्ये तो प्रसिद्ध केला. काही मुलांना सरावाच्या वेळी साधा चॅटबॉट दिला, म्हणजे तुम्हालाच. त्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. बघा, सत्काराचं कारण! मग तुम्हाला काढून घेतलं आणि परीक्षा घेतली. ज्यांनी तुमचं तोंडही पाहिलं नव्हतं त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्क्यांनी मागे पडली. तालमीत जोर दुसऱ्यानं काढायचे आणि मैदानात आपण उतरायचं, त्याचं दुसरं काय होणार?

पण त्याच प्रयोगात मुलांचा आणखी एक गट होता. त्यांना तुमचा चुलतभाऊ दिला होता. तुम्ही त्याचं नाव कधी घेत नाही, म्हणून मीच घेतो: विचारेराव. यंत्र तेच, पण त्याला ताकीद दिलेली की उत्तर सांगायचं नाही, नुसता इशारा द्यायचा, आणि चूक कुठं होतेय ते शिक्षकांनी आधी सांगून ठेवलेलं. या मुलांची सरावातली कामगिरी १२७ टक्क्यांनी सुधारली, आणि यंत्र काढून घेतल्यावर ती मागे पडल्याचं दिसलं नाही. खान अकादमीनं मार्च २०२३ मध्ये आणलेला 'खानमिगो' याच घराण्यातला. पोरानं उत्तर मागितलं की तो उलट प्रश्न विचारतो. म्हणजे आयतेराव, भांडण यंत्राशी नाहीच. एकाच यंत्रात दोघे भाऊ राहतात. एक पोराला उत्तर देऊन झोपवतो, दुसरा प्रश्न विचारून जागं ठेवतो. आमच्या गावात घरोघर तुम्हीच पोचलात, तो अजून रस्त्यात आहे. का, ते उघड आहे. त्याच्याकडून निबंध दहा सेकंदांत मिळत नाही.

विचारेरावांची आम्हाला गरज आहे, हे मी शिक्षक असूनही मान वर करून सांगतो. शिकागो विद्यापीठातले बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये लिहून ठेवलं की, एकास एक शिकवणारा मिळालेलं साधारण पोर वर्गात बसून शिकणाऱ्या ९८ टक्के पोरांच्या पुढे जातं. पुढच्या अभ्यासांत फरक इतका मोठा निघाला नाही, तरी फरक आहे हे खोटं पडलं नाही. श्रीमंताच्या पोराला असा शिकवणारा पैसे टाकून मिळतो. आमच्याकडे वाड्यावस्त्यांवर द्विशिक्षकी शाळा आहेत. दोन मास्तर, चार-पाच इयत्ता, आणि त्या दोघांतला एक मिटिंगला गेलेला. तिथं मागच्या रांगेतल्या पोराला 'तुझं कुठं अडलं?' असं रोज, न कंटाळता, न रागावता कोणी विचारलं, मग ते यंत्र का असेना, तर मी त्याच्या पाया पडेन. पण त्याला आमच्या पोरांची बोली कळायला हवी, आणि पोर कुठं अडतं हे त्याला सांगायला शिक्षक हवा. तुर्कस्तानातल्या विचारेरावांनाही ते शिक्षकांनीच सांगितलं होतं.

हे कसं करायचं, ते शिकायला आम्हाला कॅलिफोर्नियाला जायला नको. याच माढा तालुक्यात परितेवाडी नावाची वस्ती आहे. रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ मध्ये तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत गुरांचा गोठा आणि कोठार यांच्या मध्ये अंग चोरून उभी होती. ३ डिसेंबर २०२० रोजी युनेस्कोच्या सहकार्यानं वार्की फाउंडेशन देत असलेला ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना जाहीर झाला. दहा लाख डॉलरचा पुरस्कार, आणि त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून टाकले. लोकांना त्यांचे पुस्तकातले क्यूआर कोड आठवतात. २०१७ मध्ये राज्यानं सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांत ते आणायचं जाहीर केलं आणि २०१८ मध्ये केंद्रानं एनसीईआरटीच्या पुस्तकांसाठी. पण क्यूआर कोड ही चौकोनी ठिपक्यांची नक्षी. त्या नक्षीच्या आधी गुरुजींनी केलेलं काम बघा. पोरींच्या घरची भाषा कानडी, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग ती भाषा त्यांनी स्वतः शिकून घेतली, पुस्तकं पोरींच्या भाषेत केली आणि त्यांना कोड जोडले. कोडावर फोन धरला की कविता ऐकू यायची, धडा दिसायचा, गोष्ट यायची, करायला काम यायचं. तयार उत्तर कुठंच येत नव्हतं. यंत्र शिक्षकाच्या हाताखाली राबलं, शिक्षक यंत्राच्या हाताखाली नव्हे.

आणि आता तुमच्या दिल्लीतल्या वजनाबद्दल अभिनंदन. २०२६-२७ पासून तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवायचं केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं जाहीर केलंय. उत्तम. फक्त 'प्रथम' संस्थेचा 'असर २०२४' हा अहवाल शेजारी ठेवून बघा. ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीतल्या शंभर पोरांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी जेमतेम २३. उरलेल्या ७७ जणांना आता तुमची तोंडओळख होणार. त्याच अहवालात १४ ते १६ वयाच्या मुलांचंही आलंय. ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी आधीच्या आठवड्यात समाजमाध्यमांसाठी त्याचा वापर करणारे ७६ टक्के आणि अभ्यासाच्या कामासाठी ५७ टक्के. त्या ५७ मध्ये तुमच्या नावावर किती जमा करायचे, ते तुम्हीच ठरवा.

एवढी हौसच असेल काम करायची, तर आयतेराव, तुमच्याजोगं काम आमच्याकडे ढिगानं आहे. यू-डायसची माहिती भरा. 'सरल'वर भरलेली माहिती पुन्हा एक्सेलमध्ये भरा. पोषण आहाराच्या तांदळाचा रोजचा हिशेब ठेवा. 'माहिती तात्काळ, आजच, दुपारी तीनपर्यंत' असा निरोप व्हॉट्सॲप ग्रुपवर अडीचला येतो, तेव्हा धावत या. मतदार यादी, जनगणना, सर्वेक्षण, अहवालाचा अहवाल, सगळं घ्या. या कामात डोकं लागत नाही, फक्त उत्तर लागतं, आणि ते आयतं मिळालं तर कुणाचंही नुकसान नाही. पण नेमकं हे काम तुम्ही करत नाही. पोरानं विचार करायचा असतो तिथं मात्र बरोबर हजर. शिक्षकाचं ओझं तसंच राहिलं आणि विद्यार्थ्याचं उतरलं, ही तुमची करामत.

कराडजवळच्या काले गावी १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढं 'कमवा आणि शिका' म्हणत गरिबाच्या पोरांना हातात कुदळ देऊन पदवीपर्यंत नेलं. ज्या मुलखात शिक्षण घाम गाळून मिळवायची वस्तू मानली गेली, तिथं तुमचा पंथ इतका फोफावावा, याला तुमचं कर्तृत्व म्हणावं की आमचं, हे मानपत्रात जरूर स्पष्ट करा.

तर निकाल असा. तुम्हाला गावबंदी नाही; ती घालून टिकणारही नाही. पण आमच्या वर्गात यापुढे निबंधाचा पहिला खर्डा वर्गातच, पेनानं, माझ्यासमोर लिहायचा. मग घरी जाऊन खुशाल तुम्हाला दाखवा, तुम्ही चुका काढा, पोरानं तुमच्या चुका काढाव्यात. काजू-सुपारीच्या त्या ढिगावर आता आम्ही वर्गात अर्धा तास बोलतो, आणि इतकं कान देऊन पोरं एरवी माझं कधी ऐकत नाहीत. प्रकल्प छापून आणला तर चालेल, पण त्यातल्या कुठल्याही एका ओळीवर उभं राहून पाच मिनिटं बोलावं लागेल. बोलता आलं तर प्रकल्प त्याचा, नाही आलं तर तुमचा, आणि गुणही तुमच्याच नावावर. त्या बोरवाल्या पोराला पट्टीवरच लिहायला सांगितलंय. ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापीन. बाकीचे पैकीच्या पैकी देईन.

सत्काराची तारीख मात्र तूर्त पुढे ढकलली आहे.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
मोडनिंबचा एक मराठीचा मास्तर

ता. क. : हे खुलं पत्र असल्यानं वाचकांनाही दोन ओळी. शिक्षक बंधू-भगिनींनो, यंदा तोंडीचे वीस गुण वाटू नका, घ्या. पोराला समोर उभं करा आणि त्याच्या वहीतलं त्यालाच विचारा. आणि आई-बापांनो, तुमच्या पोराला तोंडीत वीसपैकी अकरा मिळाले तर शाळेत भांडायला येऊ नका. ते अकरा त्याचे स्वतःचे असतील.